घरबसल्या पाहिलेलं स्थलांतर

‘चल, पिक्चरला जाऊ’ या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कोणता? मला विचाराल तर ‘जाऊ’! रूममधून उठायचं, रिक्षाचे पैसे कोण देणार यावर वाद घालायचा, तिकीट काढायचं आणि मग अंधारात शे-दोनशे अनोळखी माणसांबरोबर बसायचं. मार्च २०२० मध्ये जगभर हे ‘जाणं’च बंद पडलं. मोठ्या स्टुडिओंनी आपले सिनेमे पुढे ढकलले. थांबायची त्यांची ऐपत होती. पण ज्यांच्यामागे फार पैसा नाही, अशा छोट्या, स्वतंत्र सिनेमांनी काय करायचं?

या लेखात अशाच एका सिनेमाचा अभ्यास करायचा आहे. नाव ‘मिनारी’, दिग्दर्शक ली आयझॅक चुंग. एक कोरियन कुटुंब अमेरिकेतल्या खेड्यात जाऊन शेती करायला बघतं, एवढीच गोष्ट. परक्या देशात घर शोधणाऱ्या माणसांची ही गोष्ट अमेरिकेतल्या बऱ्याच प्रेक्षकांनी पहिल्यांदा पाहिली ती घराबाहेर पडणं अवघड होतं तेव्हा. लॅपटॉपवर, पण रीतसर तिकीट काढून! यालाच ‘व्हर्च्युअल स्क्रीनिंग’ म्हणतात. आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे आधी त्यामागचं तंत्र बघू आणि मग गोष्टीकडे वळू. दोन्हीकडे मला एकच प्रश्न दिसतो : आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे नक्की ठरवतं कोण?

१. सिनेमाची थोडक्यात माहिती

चुंग यांचा जन्म १९७८ चा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला. आई-वडील कोरियाहून आलेले. लहानपण गेलं आर्कान्सा राज्यातल्या लिंकन नावाच्या छोट्या गावात, जिथे वडिलांनी शेती केली. पुढे त्यांनी येल विद्यापीठात जीवशास्त्र घेतलं आणि मग लाइन बदलून सिनेमाकडे वळले. (ब्रँच बदलायची इच्छा असणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) २०१८ च्या सुमाराला सिनेमा सोडून शिकवण्याची नोकरी धरायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. त्याआधी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी लहानपणीच्या आठवणींची यादी केली. यादी जवळपास ८० आठवणींपर्यंत गेली आणि त्यातूनच ‘मिनारी’ची पटकथा तयार झाली.

बजेट सुमारे २० लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात हा चहापाण्याचा खर्च. शूटिंग २०१९ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराच्या परिसरात, फक्त २५ दिवसांत झालं. जानेवारी २०२० मध्ये सनडान्स फेस्टिव्हलमध्ये सिनेमा दाखवला गेला आणि अमेरिकन कथापटांच्या गटात परीक्षकांचं पहिलं बक्षीस आणि प्रेक्षकांचं बक्षीस, दोन्ही त्याला मिळाली. म्हणजे सगळं जमून आलं होतं. आणि दीड महिन्यात थिएटरांना कुलुपं लागली.

२. व्हर्च्युअल स्क्रीनिंगचा फंडा

थिएटरं बंद झाल्यावर वितरकांनी वेगवेगळे मार्ग काढले. किनो लॉर्बर या कंपनीने मार्च २०२० मध्येच ‘किनो मार्की’ सुरू केलं. पहिला सिनेमा ब्राझीलचा ‘बाकुराउ’. प्रेक्षकाने आपल्या गावातलं थिएटर निवडायचं, ऑनलाइन तिकीट घ्यायचं आणि त्या पैशातला वाटा बंद पडलेल्या त्या थिएटरला जायचा. मे-जून २०२० मध्ये यूट्यूबवर ‘वी आर वन’ नावाचा दहा दिवसांचा मोफत महोत्सव झाला. त्यात जगातले २१ फेस्टिव्हल एकत्र आले होते आणि आपल्या मुंबईचा ‘मामी’ही त्यात होता.

‘मिनारी’ डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आठवडाभर असाच ऑनलाइन दाखवला गेला. १२ फेब्रुवारी २०२१ पासून काही थिएटरांत आला आणि त्याच वेळी ए२४ या वितरक कंपनीच्या स्वतःच्या ‘स्क्रीनिंग रूम’मध्येही. तिकीट २० डॉलर, शोच्या वेळा ठरलेल्या आणि तिकिटं मर्यादित. ऑनलाइन शो ‘हाउसफुल्ल’!

आता कोणीही विचारेल, सर्व्हरवरच्या फाइलला हाउसफुल्ल कसलं? थिएटरला खुर्च्या मोजाव्या लागतात, व्हिडिओ स्ट्रीमला कुठे लागतात? बरोबर आहे. ही मर्यादा यंत्राची नव्हती, मुद्दाम घातलेली होती. एकदम सगळ्यांनी घरी बघून टाकलं तर पुढे थिएटरात कोण येणार आणि चोरट्या कॉपीचा धोकाही वाढणार, असा त्यामागचा सरळ हिशेब.

आतली यंत्रणा साधारण अशी असते :

(अ) तुकडे : सिनेमा काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत कापतात. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाचा बनवून ठेवतात. तुमचं नेट कसं चालतंय ते मोजून प्लेअर पुढचा तुकडा निवडतो. म्हणूनच नेट कमी झालं की चित्र धूसर होतं, पण थांबत नाही. हिशेब करून बघा : ‘मिनारी’ ११५ मिनिटांचा आहे. सेकंदाला ५ मेगाबिट या वेगाने पाहिला तर ५ × ६९०० ÷ ८ म्हणजे सुमारे ४.३ जीबी डेटा जातो. दीड मेगाबिटने पाहिला तर साधारण १.३ जीबी. 

(ब) कुलूप आणि किल्ली : हे तुकडे एन्क्रिप्ट केलेले असतात. तिकीट खरं आहे असं कळलं की सर्व्हर तुमच्या मशीनला किल्ली पाठवतो आणि किल्लीला मुदत असते. मुदत संपली की कुलूप परत बंद. स्क्रीनशॉट काढायला गेलं की नुसता काळा चौकोन का येतो, त्याचं कारण हेच संरक्षण. काही ठिकाणी चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूणही घालतात. कॉपी बाहेर पडली तर ती कोणाच्या तिकिटावरून गेली ते त्या खुणेवरून शोधता येतं.

(क) दारावरचा रखवालदार : तुमच्या आयपी ॲड्रेसवरून तुम्ही कुठल्या देशात आहात ते तपासलं जातं. ए२४ ची स्क्रीनिंग रूम फक्त अमेरिकेपुरती होती. कारण प्रत्येक देशाचे हक्क वेगळे विकले जातात.

हा तिसरा मुद्दा लक्षात ठेवा. स्थलांतरितांवरचा सिनेमा, आणि तो बघायचा तर आधी प्रश्न : तुम्ही कुठून बोलताय? उत्तर तुम्ही द्यायचंच नाही, ते मशीन देणार. तुमची भाषा, तुमचं घराणं, तुमची आवड याच्याशी रखवालदाराला काही घेणं-देणं नाही. त्याला फक्त नंबर कळतो.

३. चाकांवरचं घर

आता गोष्ट. काळ १९८० च्या दशकातला. जेकब (स्टीव्हन यून) बायको-मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाहून आर्कान्साच्या माळावर येतो. बायको मोनिका (हान ये-री) गाडीतून उतरते आणि बघतच राहते. कारण घर म्हणजे चाकांवरचा लांबट डबा आहे, दाराला पायऱ्यासुद्धा नाहीत! धाकट्या डेव्हिडला मात्र घराला चाकं आहेत याचीच मजा वाटते. एकच वस्तू, पण आईला ती अस्थिर वाटते आणि पोराला भारी.

पोटासाठी दोघं नवरा-बायको अंडी उबवणी केंद्रात काम करतात. एक दिवसाची पिल्लं उचलायची, नर की मादी ते ओळखायचं आणि वेगवेगळ्या खोक्यांत टाकायची. ओळखण्याची ही पद्धत १९२० च्या दशकात जपानमध्ये तयार झाली. नर अंडी देत नाहीत, म्हणून ते जाळून टाकतात. चिमणीतून निघणारा धूर बघून डेव्हिड विचारतो तेव्हा जेकब त्याला जे सांगतो, त्याचा अर्थ असा की आपण उपयोगी असलं पाहिजे. आख्खा जेकब या एका उत्तरात कळतो. या देशात आपण उपयोगी ठरलो नाही तर आपलंही असंच होईल, ही भीती त्याच्या आत आहे. ती तो कधी बोलून दाखवत नाही. प्लेसमेंटच्या दिवसांत आपल्या हॉस्टेलमध्ये ही भीती कोणाला नसते?

जेकबचा प्लॅन तसा पक्का आहे. कोरियाहून दरवर्षी हजारो लोक अमेरिकेत येताहेत, त्यांना आपल्याकडची भाजी हवी असणार, तर ती आपण पिकवू. मार्केट सर्व्हे झाला! यामागे इतिहास आहे. १९६५ मध्ये अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि देशांनुसार ठरलेले जुने कोटे काढले. त्यानंतर आशियातून माणसं मोठ्या संख्येने जाऊ लागली. कोरियन गेले, तसे भारतीय गेले आणि त्यात मराठी माणसंही होती. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, म्हणजे साधारण या गोष्टीच्याच काळातलं.

सिव्हिलवाल्यांसाठी यात खास चॅप्टर आहे : पाणी. शेतात विहीर कुठे खणायची? काठी घेऊन पाणी दाखवणारा एक माणूस येतो. आपल्याकडेही पाणाडे असतातच. जेकब त्याला पैसे द्यायला नकार देतो. आपण डोकं वापरतो, असं तो पोराला अभिमानाने सांगतो. पाणी उताराकडे जातं आणि झाडांना पाणी आवडतं, म्हणून सखल जागी, झाडांजवळ खणायचं. खणतो, आणि पाणी लागतं! डेव्हिडला बाप म्हणजे हिरो वाटतो.

पण लॉजिक बरोबर असलं तरी डेटा कमी होता. काही दिवसांनी विहीर आटते. मग तो सरकारी नळाचं विकतचं पाणी शेताला देऊ लागतो, बिल थकतं आणि एक दिवस घरातला नळच कोरडा पडतो. डल्लासचा व्यापारी ऐनवेळी माल नको म्हणतो. पिकासाठी घराचं पाणी वापरायचं का, हा प्रश्न टेक्निकल वाटतो, पण नवरा-बायकोचं भांडण नेमकं याच्यावर आहे. जेकब म्हणतो, मी हे कुटुंबासाठीच करतोय. मोनिकाला दिसतंय की कुटुंब आणि शेत यांत निवडायची वेळ आली तर हा शेत निवडेल. दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच बघताना त्रास होतो.

शेवट सांगत नाही. फक्त त्या काठीवाल्या माणसाला विसरू नका.

४. आजी आणि भाषा

मुलांकडे बघायला कोरियाहून मोनिकाची आई येते. ही आजी सुनजा. डेव्हिडच्या डोक्यातली आजी म्हणजे अमेरिकन पुस्तकातली, बिस्किटं भाजणारी. ही तर पत्ते खेळते, शिव्या देते आणि टीव्हीवर कुस्ती बघते. तिच्या अंगाला कोरियाचा वास येतो, अशी त्याची तक्रार. तो स्वतः तर कोरियाला गेलेलाच नाही!

या घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, याकडे नीट लक्ष द्या. आई-वडील आपसात कोरियन बोलतात. भावंडं एकमेकांशी बरंचसं इंग्रजी. आजीशी मात्र कोरियनच बोलावं लागतं, आणि तिथे डेव्हिड अडतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हे मला लगेच ओळखू आलं. आजीशी मराठीत बोलताना माझ्या वाक्यात मधेच इंग्रजी शब्द येतो, ती ‘म्हणजे काय गं?’ विचारते आणि मी सांगायचा प्रयत्न करते तोवर गोष्टीतली मजा निघून जाते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे होत असेल. त्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही.

खुद्द चुंग यांनी पटकथा इंग्रजीत लिहिली, मग ती कोरियन भाषेत करून घेतली आणि कलाकारांनी संवाद बोलीभाषेला साजेसे करायला मदत केली. आपल्याच लहानपणाची गोष्ट आपल्याच घरच्या भाषेत आणायला अनुवादक लागला! मला यात कमीपणा वाटत नाही. भाषा पूर्ण येत नसली तरी ती भाषा आपली असू शकते, हे त्यातून दिसतं.

आजीचं काम केलं यून यो-जंग यांनी. त्या स्वतः १९७० च्या दशकात लग्नानंतर अमेरिकेत, फ्लोरिडात गेल्या होत्या आणि साधारण दहा वर्षं राहून कोरियाला परतल्या. २५ एप्रिल २०२१ ला त्यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलाकार. लोक आपल्या नावाचा उच्चार किती प्रकारे चुकवतात, यावर त्यांनी स्टेजवरून हसत चिमटा काढला आणि आज सगळ्यांना माफ, असं सांगून टाकलं.

सिनेमाचं नाव याच आजीमुळे आलंय. मिनारी ही कोथिंबिरीच्या कुळातली एक पालेभाजी. आजी तिचं बी कोरियाहून आणते आणि ओढ्याकाठी लावते. ना नांगरणी, ना पंप. ही वनस्पती आपल्या देशातही होते. मणिपूरमध्ये तिला कोम्प्रेक म्हणतात आणि आवडीने खातात. मग ती कोरियन की मणिपुरी? ओलसर जागा मिळाली की ती रुजते.

५. पन्नास टक्क्यांचा नियम

फेब्रुवारी २०२१ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कारांत ‘मिनारी’ला बक्षीस मिळालं. गट कोणता, तर परदेशी भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट! आता बघा : सिनेमा अमेरिकेत बनलेला, पैसा अमेरिकन कंपन्यांचा, दिग्दर्शक अमेरिकेत जन्मलेला, गोष्ट अमेरिकेतल्या शेतावरची. पण नियम असा होता की निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत नसतील तर सिनेमा परभाषेच्या गटात जाणार आणि मुख्य सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत त्याला जागा नाही. यावर बरीच टीका झाली. जून २०२१ मध्ये आयोजकांनी नियम बदलायचं जाहीर केलं आणि मुख्य गट इतर भाषांतल्या सिनेमांना खुला झाला. ऑस्करमध्ये मात्र ‘मिनारी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट सहा नामांकनं होती.

इंजिनिअर म्हणून विचार करू. कुठलीही सॉर्टिंग सिस्टिम म्हटली की एक थ्रेशोल्ड लागतो. ५० टक्के हा तसा स्वच्छ, मोजता येणारा आकडा. प्रश्न आहे तो आपण मोजतोय काय? संवादाची टक्केवारी मोजून भाषा कळते. घर कुठलं ते कळत नाही. आयपी ॲड्रेस बघून मशीन कुठे आहे ते कळतं, पण त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचं गाव कुठलं ते कळत नाही. आणि पिल्लाला उलटं करून नर-मादी कळते, त्याची किंमत नाही. तिन्ही ठिकाणी मोजमाप चोख आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मोजमापाच्या बाहेरचा आहे. हीच मला या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. उद्या कर्जाचे, नोकरीचे, ॲडमिशनचे अर्ज गाळणारी सॉफ्टवेअर आपल्यापैकीच कोणीतरी लिहिणार आहे.

गोल्डन ग्लोबचा तो सोहळाही मोठ्या प्रमाणात व्हिडिओ कॉलवरच झाला. चुंग घरी बसले होते, लहान मुलगी त्यांना बिलगलेली होती. ते म्हणाले त्याचा आशय असा : ही गोष्ट एका कुटुंबाची आहे, जे स्वतःची अशी एक भाषा बोलायला शिकतंय, आणि ती भाषा कुठल्याही अमेरिकन किंवा परदेशी भाषेपेक्षा खोल आहे.

६. घरी बघून काय मिळालं, काय गेलं?

गेलं ते उघड आहे. ‘मिनारी’त लांब-रुंद माळ आहे, वाऱ्यावर हलणारं गवत आहे, बराच वेळ कोणीच बोलत नाही असे प्रसंग आहेत. पंधरा इंची पडद्यावर माळ लहान होतो आणि शांततेत व्हॉट्सॲप वाजतं. एमिल मोसेरीचं संगीत लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धंच पोहोचतं.

पण मिळालंही. ज्या गावांत असे सिनेमे कधी लागतच नाहीत तिथल्या लोकांना पहिल्या आठवड्यात तिकीट मिळालं. घरातलीच माणसं शेजारी होती, आणि हा सिनेमा घरातल्या माणसांबद्दलच आहे. शिवाय शोची वेळ ठरलेली. हवं तेव्हा बघू, असं म्हटलं की आपण कधीच बघत नाही, हे आपल्या हार्ड डिस्कवरचे न पाहिलेले ४०० सिनेमे सांगतील! ठरलेली वेळ आणि मोजकी तिकिटं ही थिएटरची सक्ती होती. तीच ऑनलाइन आणल्यावर लोक घरात असूनही सिनेमाला ‘गेले’.

७. आपण कसा बघायचा?

आता थिएटरं चालू आहेत, पण हॉस्टेलमध्ये आपण प्रत्येक जण आपापल्या रूममध्ये, इयरफोन लावून, दीडपट स्पीडवर सिनेमे बघतो. म्हणून एक सूचना. पेन ड्राइव्हवरून फिरणारी कॉपी नको, कायद्याने उपलब्ध असेल तिथूनच घ्या. पण वेळ ठरवा. मेस झाल्यावर, ९ वाजता, चार-पाच जण, फोन उलटे ठेवून, ११५ मिनिटं सलग. बघताना या गोष्टी टिपा :

(१) पाणी किती ठिकाणांहून येतं? विहीर, नळ, ओढा. प्रत्येकाची किंमत कोण मोजतं?

(२) कोण कुठल्या क्षणी भाषा बदलतं?

(३) शेजारचा पॉल (विल पॅटन) कोरियन युद्धात लढून आलेला आहे. गाव त्याला वेडा समजतं. मग या गावात बाहेरचा कोण, जेकब की पॉल?

(४) आजी ‘उपयोगी’ आहे का? जेकबच्या व्याख्येने उत्तर द्या, मग स्वतःच्या.

सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावू नका, पाच मिनिटं बोला. शेवटी ओरलसाठी एक प्रश्न माझ्याकडून : तो पन्नास टक्क्यांचा नियम तुमच्या घरी, जेवणाच्या वेळी बोलल्या जाणाऱ्या वाक्यांना लावला, तर तुमचं घर कुठल्या गटात बसेल? आणि त्या उत्तराशी तुमची आजी सहमत होईल का?